पदकाआधी थांबणाऱ्या मुलींचे काय?

पानिपतच्या शिवाजी स्टेडियमजवळून जाताना मला दर वेळी दोन गोष्टी आठवतात. जवळच्या खंडरा गावातील नीरज चोप्राने याच मैदानावर प्रथम भाला हाती घेतला. आणि २२ जानेवारी २०१५ रोजी पंतप्रधानांनी याच शहरातून ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेचा प्रारंभ केला. २०११ च्या जनगणनेत हरियाणात सहा वर्षांपर्यंतच्या एक हजार मुलग्यांमागे अवघ्या ८३४ मुली होत्या. त्या राज्यातील मुली आज आखाड्यात आणि बॉक्सिंगच्या रिंगणात उतरतात, हे परिवर्तन लहान नाही. मात्र मुलगी वाचली, शिकली, खेळली, त्यापुढे काय?

नीरजला २०१६ मध्ये लष्कराने नायब सुभेदारपदी घेतले. मुलाला खेळायला पाठवणाऱ्या बापाच्या मनात अशा नोकरीचा हिशेब असतोच. भिवानीची बॉक्सर जॅस्मिन लांबोरिया हिला क्रीडा कोट्यातून लष्करात हवालदारपद मिळाले ते २०२२ मध्ये. तीच २०२५ मध्ये जगज्जेती झाली. दार उघडले की मुली कुठवर जातात, याचा आणखी पुरावा कशाला हवा?

शिखरावर पोहोचलेल्यांना निवड करता येते. पॅरिसमध्ये शंभर ग्रॅम वजनाने अंतिम लढत हुकलेल्या विनेश फोगटने रेल्वेची नोकरी सोडली आणि ती जुलानाची आमदार झाली. पुढे हरियाणा सरकारने रोख रक्कम, नोकरी किंवा भूखंड असे तीन पर्याय दिले, तेव्हा तिने चार कोटी रुपये स्वीकारले. साताऱ्याची ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकची अंतिम फेरी धावली आणि महाराष्ट्राच्या महसूल खात्यात अधिकारी झाली. पण साक्षी मलिकने डिसेंबर २०२३ मध्ये पत्रकार परिषदेत टेबलावर बूट ठेवून कुस्ती सोडली, तेव्हा ऑलिम्पिक पदकविजेतीची निवृत्तीही नेहमीच स्वेच्छेची नसते, हे देशाने पाहिले.

मला चिंता वाटते ती राज्यस्तरावर थांबणाऱ्या मुलीची. दहावीच्या वर्षी घरचे विचारतात, अभ्यास की सराव? विशीत विचारतात, लग्न केव्हा? मुलगा मागे पडला तर त्याला दुसरी संधी मिळते. मुलगी मागे पडली तर तिच्यासाठी स्थळ शोधले जाते. मातृत्वाचेही तसेच. नोकरदार स्त्रीला कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. केवळ शिष्यवृत्तीवर खेळणारी मुलगी मात्र कोणाची कर्मचारी नसते, त्यामुळे हा हक्क तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

उपाय अवघड नाहीत. सरावासाठी बाहेर राहणाऱ्या मुलींच्या परीक्षांचे वेळापत्रक लवचीक करावे. प्रसूतीच्या काळात शिष्यवृत्ती सुरू ठेवावी. राज्यस्तरावर खेळलेल्या मुलींना प्रशिक्षणाची पदविका घेण्यासाठी अर्थसाहाय्य द्यावे आणि शाळांत महिला प्रशिक्षकांची पदे निर्माण करून तेथे त्यांना प्राधान्य द्यावे. यातून त्यांना रोजगार मिळेल. आणि मैदानावर एक बाई आहे म्हटल्यावर आपल्या मुलीला तिथे पाठवताना आई-बापांचे मनही कचरणार नाही.

पदक जिंकणाऱ्या मुलीचा सत्कार आपण करतोच. पदक न मिळालेल्या मुलीला तिच्या दहा वर्षांच्या घामाच्या बळावर सन्मानाने जगता येते का, यावरच पानिपतमध्ये सुरू झालेल्या त्या योजनेचे यश मोजले गेले पाहिजे.