टाकी मोकळी करायची ती कुठे?

मंडळी, लाँग वीकेंड जवळ आला की आपल्या फिनिक्सच्या ग्रुपवर आरव्हीवाल्यांचे सल्ले सुरू होतात. या वेळचा सल्ला असा, आणि तो चार दिवसांत निदान दहा वेळा फॉरवर्ड झालाय: "परतीला निघताना फ्रेश वॉटरची टाकी तिथेच मोकळी करा. वजन कमी होतं, गॅस वाचतो, गाडी हलकी चालते." खाली अंगठ्यांची रांग. एकाने तर टाकीखालचा नळ कुठे असतो त्याचा व्हिडिओही टाकला.

मला हा सल्ला पटत नाही. तीन ओळींच्या कॉमेंटमध्ये कारण मावत नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी हिशोब करू. भाड्याने मिळणाऱ्या क्लास सी गाडीची फ्रेश टाकी बऱ्याचदा ४० गॅलनच्या आसपास असते. एक गॅलन पाणी म्हणजे ८.३४ पौंड. म्हणजे टाकी काठोकाठ असेल तर ३३४ पौंड, आपल्या भाषेत साधारण १५० किलो. आकडा मोठा वाटतो. पण सामानासुमानासकट त्या गाडीचं वजन १२ हजार पौंडांच्या पुढे जातं. त्यात ३३४ म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. पेजहून फिनिक्सला यायला २८० मैल, गाडी गॅलनला नऊ-दहा मैल देणार. सगळ्या प्रवासात या पाण्यापायी एखादा गॅलनही गॅस जास्त जाळला जात नाही. आणि परतीच्या दिवशी टाकी भरलेली असते कुठे? उरलेलं असतं अर्धं किंवा त्याहून कमी. त्यापेक्षा ७५ ऐवजी ६५ने चालवा, जास्त वाचेल. (हे मी घरी सांगून बघितलंय, कोणी ऐकत नाही.)

मागे ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी तर "निघताना टाकी मोकळी" हा सरसकट नियम म्हणून चुकीचाच आहे. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार पुढच्या हिचवर यायला हवा. टाकी चाकांच्या मागे असेल तर भरलेल्या टाकीने पुढचा भार कमी होतो आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. तिथे मोकळी केलेली बरी. पण टाकी चाकांच्या पुढे असेल तर उलटं. मोकळी केलीत की हिचवरचा भारच कमी झाला. आपली टाकी कुठे आहे हे वाकून बघितल्याशिवाय व्हिडिओ बघून नळ उघडू नका. आणि गाडीच्या दाराच्या आत पिवळं स्टिकर असतं, किती पौंड सामान-माणसं चालतील ते सांगणारं. सहा जण, दोन कूलर, सायकली आणि वर भरलेली टाकी अशी मर्यादा ओलांडली असेल तर पाणी कमी करणं रास्तच. ती सुरक्षिततेची गोष्ट झाली, त्यावर माझा वाद नाही.

माझा वाद आहे तो पाणी उरतंच का, यावर. आपली मंडळी बहुतेक वेळा फुल हूकअपची साइट घेतात. तिथे कँपग्राउंडच्या नळाची नळी थेट गाडीला लावली की पाणी टाकीला वळसा घालून सिंक-शॉवरला जातं. टाकीची गरजच नसते! तरी निघताना फिनिक्समध्ये टाकी गच्च भरायची, २८० मैल वाहून न्यायची, तिथे तीन दिवस नळाचं पाणी वापरायचं, आणि चौथ्या दिवशी वाहून नेलेलं सगळं पाणी वाळूत सोडून द्यायचं. वजनाची एवढी काळजी होती तर जाताना कुठे गेली होती? तिकडे जाताना तर चढ आहे. ब्लॅक कॅनियन सिटीपासून फ्लॅगस्टाफपर्यंत गाडी सात हजार फुटांवर चढवायची असते.

यामागे आपली एक जुनी सवय आहे असं मला वाटतं. आपल्याकडे कितीतरी घरांत सकाळी नळाला पाणी आलं की कालचं भरून ठेवलेलं पाणी "शिळं" झालं म्हणून मोरीत ओतून द्यायचे. पाण्याला काही झालेलं नसायचं. नवीन आलं म्हणून जुनं नको, एवढंच. तीच मोरी आपण ॲरिझोनात घेऊन आलोय, फक्त आता तिला खाली चाकं आहेत.

मागच्या स्प्रिंग ब्रेकला पेजजवळच्या एका कँपग्राउंडवर आम्ही तंबू ठोकून होतो. रविवारी सकाळी शेजारच्या चार आरव्हींनी एकामागोमाग नळ उघडले. मराठी बोलत होते म्हणून लक्ष गेलं. डांबरी रस्त्याच्या कडेने चांगला ओहोळ वाहायला लागला. पोरांनी त्यात चपला बुडवून घेतल्या. पलीकडचे एक आजोबा खुर्चीतून उठून बघून गेले, कारण लांबून बघणाऱ्याला ते फ्रेश पाणी आहे की सिंकचं सांडपाणी हे कळत नाही. अर्ध्या तासात सगळं सुकलं.

आता पेजहून ८९ नंबरच्या रस्त्याने खाली यायला लागा. सीडर रिज, द गॅप, कॅमेरून. हा सगळा पट्टा नॅव्हाहो नेशनचा. या रस्त्यावर तुम्हाला पिकअप दिसतात, मागे चौकोनी पांढरी प्लॅस्टिकची टाकी, लोखंडी जाळीत बसवलेली. आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं शेतीचं काहीतरी सामान असेल. ते घरचं पाणी असतं. नॅव्हाहो नेशनमधल्या साधारण ३० टक्के घरांत आजही नळाचं पाणी नाही. माणसं गाडी घेऊन भरण्याच्या ठिकाणी जातात, रांग लावतात, भरतात आणि कच्च्या रस्त्याने घरी नेतात. जवळ विहीर असली तरी चालत नाही, कारण शीतयुद्धाच्या काळात तिथे युरेनियमच्या खाणी झाल्या. पाचशेहून अधिक खाणी तशाच टाकून देण्यात आल्या, आणि काही विहिरींच्या पाण्यात युरेनियम आणि आर्सेनिक सापडलंय. अँटिलोप कॅनियनला आम्हाला जी मुलगी गाइड म्हणून होती, ती दर शनिवारी आईकडे पाणी पोचवते. फोटो कुठल्या कोनातून चांगला येईल ते सांगता सांगता सहज बोलून गेली.

आणि सगळ्यात टोचणारी गोष्ट म्हणजे हे लोक राहतात कोलोरॅडो नदीच्या काठाला. लेक पॉवेल तिथून दिसतं. पाण्यावर आपला हक्क किती हे निदान ठरवून तरी द्या, एवढ्यासाठी नॅव्हाहो नेशन कोर्टात गेलं. जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, की १८६८च्या कराराने केंद्र सरकारवर तसं काही करण्याची जबाबदारी येत नाही. न्यायमूर्ती गॉर्सच विरोधात गेले. त्यांनी नॅव्हाहोंच्या अनुभवाची तुलना डीएमव्हीच्या रांगेशी केली: या रांगेतून त्या रांगेत, आणि प्रत्येक खिडकीवर तेच उत्तर, तुम्ही चुकीच्या रांगेत आहात. आपल्यातल्या कोणाला हा अनुभव समजावून सांगायला नको. फक्त आपण तिथे ग्रीन कार्डासाठी उभे असतो आणि ते पाण्यासाठी.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपल्या घराशेजारचं बघा. नॉर्थ स्कॉट्सडेलमध्ये आपली बरीच घरं आहेत. तिथून पुढे रिओ व्हर्डे फूटहिल्स. तिथल्या शेकडो घरांना टँकरने पाणी यायचं आणि ते टँकर स्कॉट्सडेल शहराच्या पाण्यावर भरायचे. १ जानेवारी २०२३ला शहराने ते बंद केलं. नदीला टंचाई आहे, आधी आमचे नागरिक, असं कारण. चांगल्या मोठाल्या घरांतली माणसं कागदाच्या ताटल्यांवर जेवायला लागली आणि पावसाचं पाणी बादलीत धरून टॉयलेटला वापरायला लागली. जूनमध्ये राज्याने कायदा करून तात्पुरती सोय केली, पाणी ऑक्टोबरात आलं. आपल्यातला मराठवाड्याचा कोणीही हे ऐकून दचकणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं होतं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर. त्या गाडीचे फोटो आपणच शेअर केले होते आणि खाली आपणच हळहळलो होतो.

आता मला येणारं उत्तर माहीत आहे: "दादा, ॲरिझोनाचं सत्तर टक्क्यांच्या वर पाणी शेतीला जातं. वाळवंटात अल्फाल्फा पिकवून सौदीच्या गाईंना पाठवतात. आमच्या चाळीस गॅलनने काय होणार?" बरोबर आहे. काही होणार नाही. २०२२ला टंचाईचा पहिला टप्पा लागू झाला तेव्हा ॲरिझोनाचा कोलोरॅडोतला वाटा ५ लाख १२ हजार एकर-फुटांनी कापला गेला, आणि एक एकर-फूट म्हणजेच सव्वातीन लाख गॅलन. त्यापुढे चार आरव्ही कुठे लागतात? तुमचं पाणी वाचवून लेक पॉवेल भरेल असा दावा मी करतच नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते २२ टक्क्यांच्या आसपास आलं होतं, ते आपल्या नळांमुळे नव्हे.

पण अल्फाल्फाबद्दल तावातावाने बोलणाऱ्याने स्वतः पाणी वाळूत सोडलं की त्याचं बोलणं कोणी मनावर घेत नाही. आणि आपण इथे पाहुण्यासारखे जातो. ज्या समाजाच्या जमिनीवर फिरायला जातो, ज्यांच्या दरीत फोटो काढतो, त्यांच्या दारात पिण्याचं पाणी ओतून निघून यायचं, हे दिसायला कसं दिसतं तेवढा तरी विचार व्हावा. उरलेलं पाणी त्या पिकअपवाल्यांना द्या, असंही मी म्हणत नाहीये. आरव्हीच्या टाकीतलं चार दिवसांचं पाणी कुणाला दान म्हणून देणं हा त्यांचा अपमान आहे.

मग करायचं काय? हूकअप असेल तर जाताना टाकीत दहा-बारा गॅलनच घ्या. हूकअप नसेल तर भरा खुशाल, पण शेवटच्या दिवशी भांडी, अंघोळी त्याच पाण्यावर होऊ द्या आणि ग्रे टाकी डंप स्टेशनवर रिकामी करा; वजन तिथे उतरलंच. ब्लॅक टाकी धुवायला चार-पाच गॅलन त्यातलेच वापरा. शेजारच्या गाडीला हवं असेल तर विचारा, हसून घेतात. आणि उरलेले आठ-दहा गॅलन घेऊनच घरी या. आय-१७ अपघाताने किंवा वणव्याने कधी बंद होईल याचा नेम नाही. जूनमध्ये कॅम्प व्हर्डेच्या पुढे तीन तास अडकून बसलात, गाडीत लहान मूल आहे आणि टॉयलेटला पाणी नाही, मग वाचवलेल्या गॅसचं काय करणार?

गाडी घरची असेल आणि महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करायलाच हवी, याबद्दल दुमत नाही. ११० डिग्रीत बंद टाकीत पाणी ठेवलं तर त्यात काय काय वाढेल सांगता येत नाही. हिवाळ्यात फ्लॅगस्टाफला पाइप गोठून फुटतात, तिथेही तेच. पण ती आपल्या अंगणात रिकामी करा. बाहेरच्या शॉवरची नळी आणि पंप वापरून ते पाणी थेट लिंबाला नाहीतर कढीपत्त्याला जातं. फिनिक्समध्ये मराठी घर आणि कढीपत्ता नाही, असं मी तरी पाहिलेलं नाही. भाड्याची गाडी असेल तर करार वाचा; परत करताना ग्रे आणि ब्लॅक रिकाम्या मागतात, फ्रेशचं काय ते फोन करून विचारून घ्या.

ग्रुप ट्रिपचं नियोजन करणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या त्या एक्सेल शीटमध्ये पुलावाला किती तांदूळ लागतील याचा कॉलम आहे. तसा पाण्याचा घाला: कुठल्या रात्री हूकअप आहे, कोणत्या गाडीने किती भरायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि जे सिटिझन आहेत त्यांना दुसरी. नॅव्हाहो, होपी आणि सॅन वॉन सदर्न पायुट या तीन जमातींनी २०२४ मध्ये पाण्याचा समझोता मंजूर केला. पाइपलाइनींसाठी ५ अब्ज डॉलरचं विधेयक त्याच वर्षी काँग्रेससमोर आलं, पण त्या सत्रात मंजूर झालं नाही. आपल्या प्रतिनिधीच्या ऑफिसला फोन करून झिप कोड सांगायचा आणि या समझोत्याला तुमचा पाठिंबा आहे का, एवढं विचारायचं. मी दोनदा केलाय. पहिल्यांदा व्हॉइसमेल लागला, दुसऱ्यांदा एका मुलीने नीट लिहून घेतलं. कोणाला फोनवर काय बोलायचं ते हवं असेल तर कॉमेंटमध्ये सांगा, मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीत लिहून देतो.