गजकर्णाची बुरशी जपायला हवी!

पावसाळा आला की काखेत, जांघेत, करगोट्याखाली खाजरे गोल चट्टे उठतात. यालाच आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो. पूर्वी साधे मलम काही आठवडे लावले की तो जाई. आता महिनोन्महिने औषध घेऊनही तो हटत नाही आणि एकाचा घरातल्या चौघांना होतो.

याला काही अंशी आपणच जबाबदार आहोत. दुकानातून परस्पर आणलेल्या मिश्र मलमांत बहुधा स्टिरॉइड असते. त्याने खाज थांबते, पण बुरशी पसरतच राहते. शिवाय आता बुरशीचा चिवट प्रकारही फैलावला आहे. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला तो अनेकदा दाद देत नाही. ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव त्याला २०२० साली जपानी संशोधकांनी दिले, तेही तिथे राहणाऱ्या एका भारतीय व एका नेपाळी रुग्णाच्या बुरशीवरून. रोग आपल्या घरचा आणि बारसे जपानात!

असे ज्ञान हाती यायचे तर बुरशी वाढवून जपावी लागते. चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून प्रयोगशाळेत पोषक थरावर ठेवतात. ती वाढायला दोन ते चार आठवडे लागतात. मात्र वारंवार नव्या थरावर घेतल्यास तिचे मूळ गुण बदलू लागतात. यावर कास्तेलानी या इटालियन डॉक्टरने १९३९ साली सोपा उपाय सांगितला. निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाण्याच्या झाकणबंद बाटलीत बुरशीचा तुकडा ठेवला की ती वर्षानुवर्षे जिवंत राहते. मोठ्या संस्था ती गोठवून वाळवतात किंवा द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा असा राष्ट्रीय संग्रह आहे.

‘रोगाची बुरशी कशाला सांभाळायची?’ असे कोणी विचारील. पेरणीसाठी आपण बी राखतोच ना? फ्लेमिंग यांना १९२८ साली सापडलेली बुरशी कोणी जपलीच नसती, तर दहा-बारा वर्षांनी ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांना पेनिसिलिनचे काम कशावर करता आले असते? उद्या नवे औषध आले, तर ते आपल्या भागातल्या बुरशीवर चालते का, हे जपलेल्या बुरशीवरच तपासता येईल.

धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बऱ्या न होणाऱ्या गजकर्णाची बुरशी तेथे वाढवावी, पाण्याच्या बाटल्यांत तारीख-गाव लिहून जपावी आणि चिवट नमुने राष्ट्रीय संग्रहाकडे पाठवावेत. खर्च फार नाही. हवी ती नेटकी नोंद आणि चिकाटी.

वाचकांनीही एवढे करावे. चिठ्ठीशिवाय मलम आणू नये. टॉवेल व कपडे वेगळे ठेवून उन्हात वाळवावेत. औषध मध्येच सोडू नये. आणि डॉक्टरांनी कोंडा तपासायला मागितला, तर नाही म्हणू नये.