परसदारातून : नवरदेवांची भजी



भाद्रपद उतरणीला लागला की आमच्या परसदारी पाय ठेवायला जागा राहत नाही. पेरलेले कमी आणि न पेरलेले जास्त, असा सगळा कारभार. टाकळा, आघाडा, कुर्डू यांना कोणी आवतण दिलेले नसते. पण पंगतीला तेच पहिले. विहिरीपर्यंत जाऊन यावे तर आघाड्याचे बी धोतराला असे चिकटते, की त्याने मला पेरणीच्या मजुरीवर ठेवले आहे की काय, असे वाटते. तेरड्याच्या पिकल्या बोंडाला नुसते बोट लावा, फटकन फुटून बी अंगावर उडवतो. आमच्या घरातही अशा स्वभावाचे एक माणूस आहे. नाव सांगत नाही, कारण हे पान घरात सगळेच वाचतात.

कुंपणाच्या तोंडाशी एका कोळ्याने भले थोरले जाळे बांधले आहे. रोज सकाळी ते माझ्या तोंडावर येते, मी त्याचा उद्धार करतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी नवे जाळे तयार. आठवडाभर आमचा हा दावा चालला. शेवटी मी वाकून जायला शिकलो. भारद्वाज पक्षीही रोज फेरी मारतो. तांबूस पंख, लाल डोळे, आणि चाल अशी की जणू साहेब शाळा तपासायला आले आहेत. लोक त्याचे दर्शन शुभ मानतात. मला शुभ एवढेच, की तो येऊन गेला की कोथिंबिरीच्या वाफ्यातल्या गोगलगायी कमी होतात.

पण यंदा माझे लक्ष या कोणाकडेच नव्हते. ते होते तांबड्या भोपळ्याच्या एका वेलाकडे.

त्याचे असे झाले. आमच्या आईने आयुष्यभर एकाच भोपळ्याचे बी राखले. चपटा, खोल फाकांचा, आतून केशरी भोपळा. बी राखेत घोळून डब्यात ठेवायचे आणि आषाढात उकिरड्याच्या कडेला लावायचे, हा तिचा नेम. आई जाऊन चार वर्षे झाली. गेल्या साली अतिपावसाने वेल कुजला आणि डब्यात उरल्या पाच बिया. यंदा पाचही लावल्या. तीन उगवल्याच नाहीत, एक रोप उंदराने खाल्ले. राहिला एक वेल. तो गेला की आईचे बी संपले.

वेल मात्र जोरात आला. गोठ्याच्या छपरावर चढला. पानांवर लाल भुंगेरे दिसले आणि मी घाबरलो. दुकानातून पावडर आणली आणि सकाळी सकाळी, फुले उमललेली असताना, सगळ्या वेलावर धुरळली. भुंगेरे मेले. मी मिशीला पीळ दिला.

फुले तर इतकी, की छप्पर पिवळे झाले. आमची ही म्हणाली, “अहो, एवढी फुलं वाया कशाला घालवायची? भजी करू.” बेसनात बुडवून तळलेली भोपळ्याच्या फुलांची भजी ज्यांनी खाल्ली आहेत, त्यांना पुढचे सांगायला नको. गणपतीत तीनदा झाली. वेलाला मात्र भोपळा एकही धरेना. बोराएवढे फळ दिसायचे, चार दिवसांत पिवळे पडून गळायचे.

शेजारचे दाजी येऊन बघून गेले. म्हणाले, “भाऊ, वेलाला दृष्ट लागली. जुनं पायताण बांधा.” मी बांधले. आता छपरावर पिवळी फुले आणि मधोमध माझी फाटकी चप्पल, अशी शोभा झाली.

उलगडा केला तो आमच्या आठवीतल्या नातवाने. एका सकाळी छपराला शिडी लावून बराच वेळ निरखत बसला आणि खाली येऊन म्हणाला, “आबा, तुम्ही सगळे नवरदेव तळून खाल्लेत. आणि लग्न लावणारे भटजी पावडरीने मारलेत.”

त्याने समजावले ते असे. भोपळ्याच्या एकाच वेलावर नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी. आधी आठ-पंधरा दिवस नुसती नर फुले येतात. त्यांचा देठ लांब आणि सडपातळ. मादी फुले मागून येतात आणि संख्येने थोडी. त्यांच्या बुडाशी आधीपासूनच इवलासा भोपळा असतो. नराचा पराग मादीपर्यंत पोचला तरच तो वाढतो, नाही तर गळतो. हा पराग चिकट, वाऱ्याने उडत नाही. तो नेणार मधमाशी. आणि फूल उमलते पहाटे, दुपारच्या आत मिटते. एवढ्या वेळात माशी आली नाही, तर मुहूर्त टळला.

मी आठवून पाहिले. पूर्वी सकाळी छपराखाली उभे राहिले की सातेरीची गुणगुण ऐकू यायची. यंदा सारे शांत होते, आणि ते माझ्या ध्यानातही आले नव्हते. भुंगेऱ्यांवर मारलेली पावडर फुलांत पडली होती आणि तीच माशांनी अंगावर घेतली होती. सुगंध करायला निघालो आणि शेणात पाय पडला!

मग पितृपंधरवड्यात मी वेलाच्या लग्नाचे कार्य हाती घेतले. दाजींच्या परसात दुसऱ्या जातीचा तांबडा भोपळा आहे. त्याचा पराग आला तर फळ मिळेल, पण पुढच्या पिढीत आईचे बी शुद्ध राहणार नाही. (दुधी शेजारी असला तर हरकत नाही, त्याचा आणि याचा संकर होत नाही.) म्हणून आदल्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या एका मादी कळीला आणि दोन नर कळ्यांना नातवाने दोऱ्याने अलगद बांधले. पहाटे शिडी लावली. नर फूल तोडून पाकळ्या काढल्या आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मधल्या भागावर हळूच चोळला. मग मादी फूल पुन्हा बांधून टाकले. सगळा सोहळा पाच मिनिटांचा. नातू खालून “शुभमंगल सावधान” म्हणत होता आणि आमची ही कपाळाला हात लावून उभी होती.

पितरांच्या पानात यंदा भोपळ्याची भाजी बाजारच्या भोपळ्याची झाली. कावळा कठड्यावर बसून बराच वेळ पानाकडे बघत राहिला, शिवेना. दाजी म्हणाले, इच्छा राहिली असेल. मी हात जोडून म्हणालो, “आई, बी राखतो.” कावळा शिवला. आता माझ्या बोलण्याने शिवला की वड्याच्या वासाने, ते मी सांगू शकत नाही.

हस्ताचा पाऊस पडून गेला आहे. चार मादी फुलांपैकी एक फळ धरले आहे. आज ते नारळाएवढे आहे. खाली गवताची चुंबळ ठेवली आहे आणि ओळखीला तांबडा दोरा बांधला आहे. दिवाळीच्या सुमारास देठ वाळून टणक झाला, सालीत नख रुतेनासे झाले, की उतरवायचे आणि आणखी काही दिवस ठेवून मग बी काढायचे. तोवर मी दिवसातून चार वेळा शिडी चढतो. ही म्हणते, “नातवंडांच्या वेळीसुद्धा एवढे हेलपाटे घातले नव्हते.” खरे आहे.

मंडळी, माझ्या फजितीतून तुमचा फायदा व्हावा. भुंगेरे पहाटे गारठलेले, मंद असतात. तेव्हाच वेचून रॉकेलच्या पाण्यात टाका. पानांवर चुलीची राख धुरळा. औषध मारणे अगदी भागच पडले, तर भोपळ्यावर ते संध्याकाळी, फुले मिटल्यावर आणि माशा घरी गेल्यावर मारा. दुधी आणि शिराळी दोडका यांची गोष्ट उलटी. त्यांची फुले संध्याकाळी उमलतात आणि त्यांच्याकडे रात्रीचे पतंग येतात, तेव्हा तिन्हीसांजेला त्यांच्या वाटेला जाऊ नका. भज्यांसाठी फुले लांब देठाचीच खुडा, आणि त्यातलीही चार-सहा वेलावर राहू द्या.

मधमाशीचा अभ्यास करणारी मोठी संस्था आपल्याच पुण्यात १९६२ पासून आहे. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर तर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. आमच्या गावाला तेवढी कीर्ती नको. सकाळी छपराखाली उभे राहिल्यावर पुन्हा गुणगुण ऐकू आली, म्हणजे पुरे. काल दोन सातेरी दिसल्या. मी वाकून त्यांनाही वाट दिली.

चप्पल अजून छपरावरच आहे. दाजी म्हणतात, फळ तिच्यामुळेच धरले.