आयबीडी असलेल्या मुलाचा ईएसआर आणि सिकलसेलचे कार्ड

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. गडचिरोली-चंद्रपुरात सिकलसेलचे प्रमाण जास्त, त्यामुळे तपासणीचे कार्ड आपल्याकडे अनेक घरांत आहे. आयबीडी, म्हणजे आतड्यांना दीर्घकाळ सूज राहण्याचा आजार असलेल्या मुलांच्या पालकांना हे कार्ड आणखी एका कारणाने लागते.

आयबीडीत आतड्याची सूज किती आहे, याचा अंदाज घ्यायला ईएसआर, सीआरपी, हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि अल्ब्युमिन तपासतात. सूज वाढली की ईएसआर वाढतो, कारण तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटून लवकर खाली बसतात. सिकलसेलच्या विळ्यासारख्या पेशींची अशी चळत रचली जात नाही. म्हणून ‘एसएस’ पॅटर्नच्या मुलात आतडे सुजलेले असूनही ईएसआर कमी येऊ शकतो. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलेले असते आणि घरचे निश्चिंत होतात! ‘एएस’ म्हणजे वाहक मुलांत सहसा ही अडचण येत नाही.

हिमोग्लोबिनचेही तसेच. ते आतड्यातल्या रक्तस्रावाने कमी झाले, सिकलसेलने की जंतांमुळे, हे एका आकड्यावरून कळत नाही. सीआरपी तासांत वाढतो आणि सूज उतरली की काही दिवसांत खाली येतो, म्हणून मला तो जास्त उपयोगी वाटतो. पण मलेरियाच्या तापातही तो चढतो. पावसाळ्यात ताप असताना काढलेल्या सीआरपीवरून आयबीडीचे औषध वाढवू नये, आधी मलेरियाची तपासणी करावी. आतड्याच्या टीबीतही ईएसआर आणि सीआरपी दोन्ही वाढतात, आणि टीबी असताना स्टिरॉइड दिले तर तो बळावतो.

शौचाच्या नमुन्यातली कॅलप्रोटेक्टिन तपासणी आतड्याची सूज अधिक थेट दाखवते, सुईही टोचावी लागत नाही. मात्र आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी तिचा आकडा वाढू शकतो, आणि सिकलसेलच्या दुखण्यासाठी अशा गोळ्या घरोघरी दिल्या जातात. दिली असेल तर सांगा.

चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीच्या महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. पोटाच्या तज्ज्ञासाठी मात्र अनेकांना अजून नागपूर गाठावे लागते. जाताना जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या आणि सिकलसेलचे कार्ड सर्वांत वर ठेवा. तपासणीच झाली नसेल तर ती आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या.