वनभोजनाला स्पीकर नेणाऱ्या आपल्याच माणसांना



पोस्ट लांब आहे आणि थोडी कडूही आहे. राग आला तर माझ्यावर काढा, खरं शेवटपर्यंत वाचा.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या मंडळाचं वनभोजन जांबोटीच्या पुढं, ओढ्याकाठी झालं. दोन बसगाड्या, ऐंशीच्या वर माणसं, मसालेभात, कुंद्याचे डबे आणि दोन मोठे स्पीकर. पावणेअकराला पहिलं गाणं लागलं, ते साडेचारला थांबलं. मध्ये हाऊजी झाली, तीही माईकवर. आकडे सांगणारे गृहस्थ पाणी प्यायला थांबले, तेवढ्यात डोक्यावरून जोरात हवा कापल्यासारखा आवाज आला. वर बघितलं तर धनेश! मोठी पिवळी चोच, तिच्यावर शिंगासारखं टोपण. पलीकडच्या झाडावर बसला, उठला, एक फेरी मारून परत बसला आणि शेवटी निघून गेला. नातू म्हणाला, "आजोबा, काय होतं ते?" मी सांगायला लागलो तर पुढचे आकडे सुरू झाले. त्याला काही ऐकू येईना. "मग सांगतो" अशी हातानं खूण केली आणि पापड खात बसलो.

आता माझा गुन्हा आधी सांगतो. स्पीकरचं भाडं ४,५०० रुपये. त्या बिलावर सही माझी आहे, कारण मंडळाचे हिशेब मीच तपासतो. बत्तीस वर्षं बँकेत काढल्यावर बिल आणि पावती जुळली की सही करायची सवय लागते. खर्च कशापायी झाला, हे मीसुद्धा विचारलं नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. १९८३ साल आठवत राहिलं. तेव्हा मी खानापूर तालुक्यातल्या एका शाखेत होतो. म्हशीसाठी दिलेल्या कर्जाची तपासणी करायला वाडीवाडीवर जायचं. म्हैस गोठ्यात आहे की विकून खाल्ली, ते बघायचं. अर्धी वाट मोटारसायकल, पुढं पायी. एका वाडीतला म्हातारा कर्जदार मला शेजारच्या वाडीकडं पोचवायला रानातून निघाला. वाटेत एका जुन्या बेहड्यापासून बऱ्याच अंतरावर त्यानं मला खाली बसवलं. "सायेब, वाईच गप बसा." मी घड्याळ बघत होतो. अजून चार म्हशी बघायच्या राहिल्या होत्या.

अर्धा-पाऊण तास गेला. मग तोच हवा कापणारा आवाज आला. धनेश खोडाला बिलगून बसला आणि ढोलीच्या चिरेतून आत एकेक फळ द्यायला लागला. गळ्यातून एक काढायचं, द्यायचं, परत एक काढायचं. म्हाताऱ्यानं कानाशी येऊन सांगितलं, मादी आत आहे. स्वतःला कोंडून घेतलंय. चोच जाईल एवढीच फट ठेवलीय. पिल्लं मोठी होईपर्यंत नरानंच आणून घालायचं. त्याचं काही झालं तर आतल्यांचंही अवघड.

पुढं वाचनात आलं, म्हाताऱ्याचा शब्द न् शब्द खरा होता. मादी दोन-तीन महिने आत असते. मोठ्या धनेशाची वीण साधारण फेब्रुवारीपासून उन्हाळ्यात चालते, म्हणजे नेमकी आपल्या वनभोजनांच्या दिवसांत. आम्ही बसलो होतो तिथं त्याची ढोली होती का? मी शपथेवर सांगू शकत नाही. खरं ऐंशी माणसांपैकी एकानंही स्पीकर लावण्याआधी वर बघितलं नव्हतं, हे मात्र शपथेवर सांगतो.

ही पोस्ट टाकण्याआधी व्हॅक्सिन डेपोत सकाळी भेटणाऱ्या दोस्तमंडळींत विषय काढला. तीन उत्तरं मिळाली. तिन्हींना इथंच उत्तर देतो.

पहिलं, "आपण अभयारण्याच्या बाहेर होतो." बरोबर आहे. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटर. आत कचरा टाकायला आणि प्राण्यांना त्रास द्यायला १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या २७व्या कलमानं बंदी आहे. आमचा ओढा हद्दीच्या बाहेर होता. पण धनेशानं ती अधिसूचना वाचलेली नाही. गवा, भेकर, शेकरू, कुणीच वाचलेली नाही. दंड होत नाही म्हणून चालतं, हे आपण घरात मुलांना शिकवतो का?

दुसरं, "पोरांना निसर्ग दाखवायचा असतो हो." काय दाखवला? पोरांनी स्पीकर बघितला, माकडाला वेफर्स घातले, हाऊजीचं बक्षीस घेतलं. हे सगळं टिळकवाडीतल्या कुठल्याही हॉलमध्ये झालं असतं. त्यासाठी डिझेल जाळून इतक्या लांब जायची गरज नव्हती.

तिसरं सगळ्यात वजनदार. "म्हादईचं पाणी वळवायला निघालेत, रस्ते रुंद करतात, झाडं पडतात. ते सोडून एक दिवसाच्या गाण्याला काय धरून बसलात?" मंडळी, त्या निवेदनांवरही माझ्या सह्या आहेत. निकाल लवाद आणि सरकारं लावतील, तो माझ्या हातात नाही. स्पीकरचं बटण मात्र माझ्या हातात होतं. आणि जे रान आपण कधी ऐकलंच नाही, त्याच्यासाठी उद्या रस्त्यावर कोण उतरणार?

आपल्याच तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडेची गुहा आहे. तिथल्या वटवाघळाची जात १९१३ साली जगाला माहीत झाली आणि कित्येक वर्षं ती जगात फक्त त्या एका गुहेतच माहीत होती. शास्त्रज्ञांना ठाऊक, आपल्याला नाही. आपण सीमाभागातली माणसं पाटीवरच्या मराठी अक्षरासाठी भांडतो. भांडायलाच पाहिजे, मीही भांडलोय. खरं ऐन, किंजळ, नाणा, कुंभा, पिसोरी हे शब्दही मराठीच आहेत. ते पाटीवर लिहून टिकत नाहीत. झाड दाखवून कुणीतरी नाव सांगावं लागतं आणि ते ऐकू यावं लागतं. त्या म्हाताऱ्यानं मला सांगितलं. मी नातवाला सांगू शकलो नाही, कारण मीच पैसे मंजूर केलेल्या स्पीकरचा आवाज मध्ये होता.

मग काय करायचं? मंडळाला लेखी दिलंय, इथंही मांडतो. स्पीकर बंद, माईकही बंद. दोन बसऐवजी दहा-बारा जणांच्या टोळ्या, वेगवेगळ्या दिवशी. अभयारण्यात जायचं असेल तर वनखात्याची रीतसर परवानगी. वाडीतला एक जाणकार सोबत घ्यायचा आणि स्पीकरचे ४,५०० रुपये मानानं त्याच्या हातात द्यायचे. डबे स्टीलचे, कचरा परत घरी. आणि जेवणाआधी एक तास सगळ्यांनी गप बसायचं. हाऊजी हवीच असेल तर कोजागरीला गच्चीवर खेळू, मीच आकडे सांगतो.

हे मान्य नसेल तर पुढच्या वर्षी त्या बिलावर माझी सही मिळणार नाही. हिशेब तपासायला दुसरा माणूस बघावा. काही जण मला खडूस म्हातारा म्हणतायत असं कानावर आलंय. म्हणू द्यात. बँकेतही कर्जदार म्हणायचेच.

नातवाला शब्द दिलाय, दसऱ्यानंतर आम्ही दोघं आणि त्याचा बाबा जाणार. धनेश दिसेलच असं नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवलंय. तो म्हणाला, "चालेल आजोबा, गप बसू." आठ वर्षांच्या पोराला जे कळतं ते साठी-सत्तरीच्या मंडळाला कळायला काय हरकत आहे?

तुमच्याकडं, खानापूर असो, चोर्ला असो, डांग असो की इंदूरजवळचं चोरल, वनभोजनं कशी होतात ते खाली लिहा. आणि तुमच्या रानातल्या एका तरी झाडाचं तिथलं नाव लिहा. माझ्याशी भांडायचं असेल तर तेही लिहा, उत्तर देईन.