कुलवृत्तांताची फाईल कोण उघडणार?

लिबरऑफिस वापरा म्हणून कुणाच्या मागे लागलं की पहिला प्रश्न ठरलेला, "फुकट आहे का?" आहे की! पण मंडळी, 'फुकट आहे म्हणून वापरा' हा त्याच्या बाजूचा सगळ्यात लंगडा मुद्दा आहे, असं माझं स्पष्ट मत. आपल्याकडे घरी ऑफिस विकत घेतलं होतं कुणी? कोपऱ्यावरचा संगणकवाला पीसी जोडून द्यायचा, तेव्हाच "ऑफिसपण टाकून दिलंय हं काका" म्हणायचा. ते कुठून आणलं हे विचारायची पद्धत नव्हती. जिथे सगळंच फुकट होतं तिथे आणखी एक फुकट वस्तू नेऊन कौतुक कोण करणार? (एमएस-सीआयटीमधलं 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र स्टेट, हे तो कोर्स केलेल्या माझ्या कितीतरी ओळखीच्यांना अजून पटत नाही, तो भाग वेगळा.)

माझा मुद्दा आपल्या घरच्या कामातून आलेला आहे. कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढायचं चाललंय, हे नातेवाईकांना माहीत आहेच. पहिली 1996 साली निघाली. आमच्या अण्णाआजोबांनी सहा वर्षं पोस्टकार्डं पाठवून, मिळेल त्या एसटीने गावोगाव फिरून माहिती जमवली होती. पुस्तक आहे. मजकुराची फ्लॉपीसुद्धा कुणीतरी शहाणपणाने सीडीवर उतरवून ठेवली होती. फाईल उघडते देखील! आत दिसते ती मात्र इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची खिचडी. चारशे पानं.

यात व्हायरस वगैरे काही नाही. त्या काळी डीटीपीवाले ज्या फॉन्टांवर मराठी टाईप करत, ते बहुतेक युनिकोडपूर्व होते. म्हणजे संगणकाच्या लेखी तिथे 'क' नव्हताच. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या कोडवर 'क'चं चित्र बसवलेलं, दुसऱ्यावर काना, तिसऱ्यावर अर्धा 'स'. फॉन्ट असेपर्यंत मराठी, फॉन्ट गेला की भुताची भाषा. नेहमीच्या फॉन्टांसाठी परिवर्तक मिळतात, पण आमच्या छापखान्याने कुठला फॉन्ट वापरला ते सांगायला आता छापखानाच उरलेला नाही. तेव्हा छापील पुस्तकावरून सगळं पुन्हा टाईप करणं आलं.

युनिकोडने यातला अर्धा प्रश्न सुटला. व्हॉट्सअ‍ॅपवर माई आत्या जे लिहिते ते युनिकोडच असतं, त्यामुळे तिचा मजकूर शंभर वर्षांनीही मराठीच राहील (शुद्धलेखनासकट!). उरलेला अर्धा प्रश्न फाईलच्या साच्याचा, आणि इथे लिबरऑफिस येतं. त्याची मूळ फाईल .ओडीटी. हा साचा ओपन डॉक्युमेंट या नावाने 2006 साली आयएसओ मानक झाला. तो कसा रचायचा हे कुणालाही वाचता येतं आणि त्यावर कुणीही प्रोग्रॅम लिहू शकतं. गंमत म्हणून एकदा हे करून पाहा: ओडीटी फाईलची एक प्रत काढा, तिचं शेपूट बदलून .झिप करा आणि उघडा. आत 'कंटेंट' नावाची एक्सएमएल फाईल असते. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडली तरी खुणांच्या जंगलात तुमचा मजकूर मराठीतच दिसतो. उद्या लिबरऑफिस बंद पडलं तरी अण्णाआजोबांचं काम वाया जाणार नाही, ते या एका गोष्टीमुळे.

कुणी म्हणेल, डॉकएक्सही तशीच झिप असते की. बरोबर, आणि तिलाही 2008 पासून आयएसओचा शिक्का आहे. पण त्या साच्याचा मूळ दस्तऐवज सुमारे सहा हजार पानांचा होता, जुन्या वर्डच्या सवयी सांभाळत लिहिलेला. इतकं पुराण वाचून दुसरा कुणी तंतोतंत तसाच प्रोग्रॅम लिहील, यावर माझा फारसा विश्वास नाही.

सुरुवात करताना लोक पहिलीच ठेच खातात ती नावापाशी. जर्मनीत जन्मलेलं स्टारऑफिस सन कंपनीने 1999 साली घेतलं, 2000 साली त्याचा सोर्स खुला केला, आणि त्यातून ओपनऑफिस झालं. 2010 मध्ये सनच ओरॅकलकडे गेली, तेव्हा बऱ्याच कार्यकर्त्यांनी वेगळी चूल मांडली, तीच लिबरऑफिस. ओपनऑफिस पुढे अपाची फाउंडेशनकडे गेलं आणि अजून मिळतं, पण 2014 च्या 4.1 नंतर त्याची मोठी नवी आवृत्ती आलेली नाही, फक्त डागडुजी. जुनं नाव लक्षात असलेले काका लोक नेमकं तेच उतरवून घेतात आणि "काय हे जुनाट!" म्हणून काढून टाकतात. तेव्हा नाव नीट वाचा.

उतरवलं की आधीचं ऑफिस उडवू नका. दोन्ही सुखाने एकत्र नांदतात. मग एकच करा, टूल्स-ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'समोर मराठी निवडा. आपली देवनागरी त्या गटात मोडते आणि तिचा फॉन्ट इंग्रजीपेक्षा वेगळा नेमला जातो. हे माहीत नसलं की स्टाईलमध्ये अक्षर मोठं करावं आणि मराठी ढिम्म हलू नये, असा प्रकार होतो, आणि मग माणूस कंटाळून परत जातो.

दुसरी सवय स्टाईल्सची. शीर्षक म्हणजे हाताने ठळक केलेली ओळ नव्हे! एफ11 दाबा, शाखेच्या नावाला 'हेडिंग 1' द्या, घराण्याच्या नावाला 'हेडिंग 2'. मग चारशे पानांची अनुक्रमणिका आपोआप तयार होते आणि नवी पानं घुसली की एका टिचकीत पुन्हा जुळते. 1996 ची अनुक्रमणिका अण्णाआजोबांनी तीनदा हाताने केली होती.

आणि कॅल्क! वंशावळीवाल्यांनी तर डोळे मिटून कॅल्क घ्यावं. एक्सेलच्या लेखी 1900 च्या आधी तारीखच नसते. पणजोबांची 1874 ची जन्मतारीख लिहिली की ते तिला नुसता मजकूर समजतं, वय काढता येत नाही की क्रम लावता येत नाही. कॅल्कला ती तारीख म्हणूनच कळते. फक्त साल चार आकडी लिहा. नुसतं '74' लिहिलंत तर पणजोबा 1974 साली जन्मतील :)

दोष नाहीत असं नाही. कचेरीतून आलेली भरगच्च डॉकएक्स उघडली की तक्ते सरकतात, एक्सेलमधले मॅक्रो बऱ्याचदा रुसतात, आणि इम्प्रेसचे तयार साचे बघून तर मला लग्नाच्या व्हिडिओतली बदामं आठवतात. नोकरीत वर्ड लागत असेल तर खुशाल वर्ड वापरा, मी भांडायला येणार नाही. अनेकांनी एकाच वेळी भर घालायची असेल तर गुगल डॉक्स सोयीचं आहे, हेही मान्य. पण जे आपलं आहे, आईच्या आठवणी, पाककृती, कुळाची माहिती, त्याची शेवटची प्रत ओडीटीत ठेवा. गुगल डॉक्समधूनही ती उतरवून घेता येते.

असो. तर नातेवाईकहो, दिवाळीपर्यंत प्रत्येक शाखेने आपली माहिती पाठवायची आहे. टाईप कुठेही करा, फोनवरही चालेल, फक्त युनिकोडमध्ये. जुन्या वहीत शके दिला असेल तर त्याचं इसवी सन तुम्ही करू नका, शके जसाच्या तसा वेगळा लिहा. 78 मिळवायचे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या जन्मांना 79 लागतात, आणि पहिल्या आवृत्तीत तीन पणज्या त्यामुळेच एकेक वर्षाने मोठ्या झाल्या आहेत.