बोर्ड टेम्पोत आहे

मागच्या महिन्यातली गोष्ट. शुक्रवार, सकाळचे साडेसहा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं, आठ वाजता बोरिवलीला हजर व्हायचं होतं. गाडी बोलावली, बॅग भरली, काका देवाला नमस्कार करून आले. खाली उतरून बघतो तर सोसायटीच्या गेटसमोर अख्खी गल्ली आडवी खणलेली! रात्री बारानंतर कधीतरी जेसीबी येऊन गेला असावा. मी हेडफोन लावून झोपलो होतो, त्यामुळे मला पत्ता नाही. गाडी मेन रोडवर थांबली, ड्रायव्हर म्हणाला आत येता येत नाही.

मग काय, वॉचमनच्या केबिनमधली प्लास्टिकची खुर्ची घेतली. काकूंना तिच्यात बसवलं आणि मी, वॉचमन आणि दुसऱ्या मजल्यावरचा एक कॉलेजचा मुलगा असे तिघे मिळून त्यांना मेन रोडपर्यंत घेऊन गेलो. चरावर एक फळी टाकलेली होती, तिच्यावरून जाताना माझे हात थरथरत होते. काकू मात्र जाता जाता दूधवाल्यालासुद्धा हात करत होत्या. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाल्या, "अरे, कोणीतरी आदल्या दिवशी सांगितलं असतं तर मी रात्रीच दहिसरला बहिणीकडे झोपायला गेले असते ना!"

(ऑपरेशन व्यवस्थित झालं. काकू आता काठी घेऊन चालतात आणि मला रोज टोमणे मारतात.)

परत येताना कामावरचा मुकादम भेटला. म्हटलं, "दादा, कामाचा बोर्ड कुठाय? काम कसलं, किती दिवसांचं, काहीतरी लिहाल की नाही?" तो अजिबात चिडला नाही. म्हणाला, "बोर्ड आहे ना साहेब. टेम्पोत आहे."

बोर्ड टेम्पोत आहे. हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून आजचा हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगतो. गटाराच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. गटार व्हायलाच हवं, पावसाळ्यात आमच्या गल्लीत घोट्यापर्यंत पाणी असतं. तक्रार काकूंच्या वाक्यात आहे. कोणीतरी आदल्या दिवशी सांगितलं असतं तर! खर्च किती आला असता? एक कागद आणि थोडा सेलोटेप.

आमच्या ऑफिसात शनिवारी रात्री दोन ते चार डेटाबेस पॅच करायचा असेल तर मंगळवारपासून मेल यायला लागतात. कोणती सिस्टीम बंद, किती वेळ, अडचण आली तर कोणाला फोन करायचा, सगळं लिहिलेलं. त्या वेळेला ती सिस्टीम अख्ख्या जगात दहा माणसंसुद्धा वापरत नसतील. काही बिघडलंच तर सोमवारी का बिघडलं त्याचा वेगळा मेल. आणि मी जिथे राहतो, झोपतो, आंघोळ करतो, तिथला रस्ता बंद होणार की नाही, हे मला सकाळी गेटवर उभं राहिल्यावर कळतं.

बरं, आपल्याला बातम्या मिळत नाहीत असंही नाही. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला, त्यात आपला दहिसर नाकाही आला, हे मला पाच मिनिटांत तीन ग्रुपवर कळलं. मेट्रो ९ चं पांडुरंगवाडी स्टेशन कुठे येणार हे खांब उभे राहायच्या आधी इथल्या इस्टेट एजंटांना तोंडपाठ होतं. जुलै २०२५ मध्ये भाषेच्या वादावरून मीरा रोड देशभरच्या चॅनेलांवर गाजलं. बंगलोरहून मित्राचा फोन, "काय रे, ठीक आहेस ना?" म्हणजे मीरा रोडची बातमी दिल्लीला जाऊन, बंगलोरवरून फिरून माझ्याकडे येते. पण स्टेम किंवा एमआयडीसीकडून येणारं पाणी उद्या बंद आहे, ही बातमी वीस किलोमीटरचं अंतर कापू शकत नाही. आलीच तर ग्रुपवर दोन 'शुभ सकाळ' आणि एका गुलाबाच्या फोटोच्या मध्ये दबलेली असते.

आणि फ्लेक्स! चौकातल्या फ्लेक्सवर सगळं असतं. कोणाचा वाढदिवस, कोणाची नियुक्ती, आधार कार्ड शिबीर, हळदीकुंकू, मोफत डोळे तपासणी. मी शिबिरांची टिंगल करत नाहीये, माझ्या आईचा चष्मा अशाच एका शिबिरातला आहे. पण एक गंमत बघा. फ्लेक्सवर पंधरा चेहरे मावतात, आणि 'या गल्लीचं काम सोमवारपासून दहा दिवस' ही एक ओळ मावत नाही. कार्यक्रमाची बातमी आपल्यापर्यंत येते, कारभाराची येत नाही. आपण पाहुणे असल्यासारखं आपल्याला बोलावतात, मालक असल्यासारखं कोणी काही कळवत नाही.

पूर्वी असं नव्हतं म्हणे. गावठाणात एक आजी आहेत, माझी आई त्यांच्याकडून सुकी मासळी घेते. त्या सांगत होत्या की गावात काही असलं की दवंडी पिटली जायची. सगळ्यांना ऐकू जायचं, वाचता येणाऱ्याला आणि न येणाऱ्यालाही. आणि पंचायतीच्या सभेत बायका मागे बसून का होईना पण ऐकायच्या. (पुढे बसून बोलल्या का, असं विचारल्यावर आजी हसल्या. म्हणजे ते दिवस सगळे सोनेरी होते असं नाही.)

१२ जून १९८५ ला पाच ग्रामपंचायती मिळून मीरा-भाईंदर नगर परिषद झाली. २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत इथे सुमारे पाच लाख वीस हजार माणसं होती, २०११ मध्ये आठ लाखांच्या वर गेली. त्या वाढीत माझे आईवडीलही आले, लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतून वन रूम किचनमध्ये. वाढ झाली, पाणी आलं, उड्डाणपूल आले. त्या बदल्यात काय गेलं, त्याचा हिशोब कोणी मांडला नाही. गेली ती ग्रामसभा.

हे मला माहीत नव्हतं, या निमित्ताने वाचलं. १९९२ साली दोन घटनादुरुस्त्या जोडीने झाल्या. ७३ वी गावांसाठी, ७४ वी शहरांसाठी. ७३ व्या दुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा दिली. गावातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य. तो उभा राहून सरपंचाला विचारू शकतो की बाबा, पैसे कुठे गेले? शहरांना मात्र मिळाली प्रभाग समिती. तीन लाखांवरच्या शहरात ती असायला हवी, पण ती बनते नगरसेवकांची, तुमची माझी नाही. आपल्या महापालिकेची सहा प्रभाग कार्यालयं आहेत. २०११ ची लोकसंख्या धरली तरी एका प्रभाग कार्यालयामागे जवळजवळ एक लाख पस्तीस हजार माणसं येतात. सातारा जिल्ह्यातलं माझं आजोळ तीन हजार वस्तीचं आहे. तिथला माझा मामेभाऊ ग्रामसभेत उभा राहून भांडतो आणि मी, इंजिनियर, महानगरात राहणारा, मुकादमाशी भांडतो!

पण कथेत एक ट्विस्ट आहे. शहरात अशी सभा कायद्यात आहे. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेत राज्यांना घातलेली एक अट होती, लोकसहभागाचा कायदा करा. त्यानुसार महाराष्ट्राने २००९ साली महापालिकांच्या कायद्यात 'क्षेत्रसभा' आणली. एक किंवा शेजारशेजारच्या काही मतदान केंद्रांचं मिळून एक क्षेत्र, तिथले सगळे मतदार सदस्य, सभा नगरसेवकाने बोलवायची. कोणती कामं आधी हवीत, पाणी-दिवे-गटार कुठे कमी पडतंय, हे तिथे सांगायचं. म्हणजे ग्रामसभेची शहरातली धाकटी बहीण. मी आमच्या सोसायटीत विचारलं, कधी क्षेत्रसभेला गेलाय का? बेचाळीस घरांत एकानेही हा शब्द ऐकला नव्हता. सेक्रेटरी काकांनी विचारलं, "एजीएम म्हणतोयस का?"

तेव्हा हासुद्धा बोर्डच आहे. बनवलेला आहे, रंगवलेला आहे. टेम्पोत आहे.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही कॉमेंटमध्ये मला धुवाल. समजा उद्या क्षेत्रसभा बोलावली, तर आपण जाणार का? आमच्या सोसायटीच्या मागच्या एजीएमला कोरम नव्हता, अर्धा तास थांबून तीच सभा पुन्हा घेतली तेव्हा नऊ जण होते. त्यातले दोघे चहा-वेफर्ससाठी. मी स्वतः त्याआधीच्या दोन्ही एजीएम चुकवल्या. कारण काय? ८:१७ ची लोकल, रात्री साडेनऊला घरी, शनिवारी झोप. भाड्याने राहणाऱ्यांचं नाव मतदार यादीत गावाकडे. आपण इथे रात्री मुक्कामाला येतो, असं आपल्यालाच वाटतं.

याहून लाजिरवाणी गोष्ट सांगतो. २०१७ ला निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात राज्यभरातल्या निवडणुका अडकल्या. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिली आणि १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांचं मतदान झालं. म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षं आपल्या शहरात एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. आयुक्त हेच प्रशासक. बजेट त्यांनीच मांडायचं, त्यांनीच मंजूर करायचं. या साडेतीन वर्षांत आमच्या लिफ्टमध्ये, ग्रुपवर, गच्चीवरच्या गप्पांत हा विषय मी एकदाही ऐकला नाही. आमच्या ऑफिसात प्रॉडक्शनला साडेतीन वर्षं कोणी अप्रूव्हर नाही म्हटलं तर हाहाकार होईल. इथे कोणाला जाणवलंसुद्धा नाही. मलाही नाही.

आणि १५ जानेवारीला मी मत द्यायला गेलो तेव्हा मशीनवर एक नाही, चार मतं द्यायची होती. आपल्याकडे २४ प्रभागांत ९५ नगरसेवक, त्यामुळे एक प्रभाग सोडून बाकी सगळीकडे चार-चार. पहिली दोन बटणं मी विचार करून दाबली. उरलेली दोन कशी दाबली ते विचारू नका. आता चार नगरसेवक आहेत आणि आमची गल्ली चौघांपैकी नक्की कोणाची, हे कोणालाच सांगता येत नाही. चौघांची म्हणजे कोणाचीच नाही, हे टीममध्ये काम केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मग करायचं काय? मोठ्या गोष्टी सांगत नाही. ॲप काढा असंही म्हणत नाही (माझा धंदा असूनही!). पुण्यात २००६ पासून नागरिक आपल्या भागातली छोटी कामं अर्ज करून बजेटमध्ये सुचवतात, पण तेही लोकांना आधी कळतं म्हणूनच चालतं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर सांगतंच की बरीचशी माहिती कोणी न मागता सरकारी कार्यालयांनी स्वतःहून जाहीर करायची. म्हणून माझी मागणी फक्त एका कागदाची आहे. महिन्याला एक पान, प्रत्येक सोसायटीच्या आणि चाळीच्या नोटीस बोर्डावर, गावठाणात देवळाजवळ. त्यावर चार गोष्टी. या महिन्यात कुठे खोदकाम आणि किती दिवस. पाणी कधी बंद. महासभेत आपल्या भागाचा कोणता विषय आला. आणि पुढची क्षेत्रसभा कधी, तीसुद्धा रविवारी अकरा वाजता, बुधवारी दुपारी तीनला नको.

आणि जिथे माणसं आधीच जमतात तिथे हे वाचून दाखवा ना. गणपतीच्या आरतीला आमच्या मंडळात दीडशे माणसं असतात. आरतीनंतर, प्रसादाच्या आधी, दोन मिनिटं. (प्रसादाच्या आधी हे महत्त्वाचं, नंतर कोणी थांबत नाही.) हळदीकुंकवाला, नवरात्रात, क्रिकेटच्या बॉक्स टुर्नामेंटला. कार्यक्रम काही वाईट नसतात, दवंडीची आपल्याकडे असलेली तीच तर जागा आहे.

काकू घरी आल्यावर मी पहिलं पान स्वतःच बनवलं. दोन संध्याकाळी फोन करून, वॉर्डात एकदा प्रत्यक्ष जाऊन. तिथला एक ज्युनियर इंजिनियर माझ्याच वयाचा निघाला. त्याने वहीतून सगळं नीट सांगितलं, वर म्हणाला, "असं विचारायला कोणी येत नाही, लोक डायरेक्ट शिव्या द्यायलाच येतात." पान लिफ्टशेजारी लावलं. पहिल्या आठवड्यात लोकांनी फक्त पाण्याची ओळ वाचली. एकाने खाली पेनने लिहिलं, 'पार्किंगचं पण बघा'. असो, कोणीतरी वाचलं तर खरं.

आता चारही नगरसेवकांच्या नावे एक पत्र तयार आहे, विषय : क्षेत्रसभा बोलावण्याबाबत. आजपर्यंत सह्या एकतीस. पहिली सही काकूंची, काठी भिंतीला टेकवून केलेली. उद्या रविवार, सकाळी अकरापासून मी शेजारच्या दोन बिल्डिंगमध्ये फिरणार आहे. पेणकरपाड्यात राहत असाल तर दार उघडा. मी काही विकायला आलेलो नसेन.